खडपावरचं जोतं

आमच्या आबांची एक सवय होती. कुणाच्याही नव्या भिंतीजवळून जाताना ते थांबायचे आणि दोन चिऱ्यांमधल्या दरजेवर नख ओढून बघायचे. नखाला भुकटी लागली की काही न बोलता पुढे चालू लागायचे. नाही लागली तर भिंतीवर एकदा तळहात ठेवायचे, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. माझे आजोबा मालवणात गवंडी होते. त्यांची ही सवय मला लागली आणि पुढे तंत्रनिकेतनात बत्तीस वर्षं बांधकामशास्त्र शिकवताना पक्की झाली. गेल्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या प्लिमथ गावी एका जुन्या दीपगृहाचा जिना चढताना माझा हात आपसूक भिंतीकडे गेला तो त्यामुळेच. आतून रंगाचे इतके थर चढलेत की दरज नखाला सापडेना. मग मीही नुसता तळहात ठेवला.

माझा मुलगा त्या गावात नोकरी करतो. मी जायच्या आधीच त्याने फोनवर सांगितलं होतं, "आई, तुझा तो स्मीटन आहे ना, त्याचं दीपगृह इथेच आहे. घरापासून चालत वीस मिनिटं." माझा तो स्मीटन म्हणजे जॉन स्मीटन. चुन्याचं प्रकरण शिकवताना दर वर्षी फळ्यावर त्याचं नाव लिहायचे. पाठ्यपुस्तकात त्याच्या वाट्याला एकच ओळ होती: पाण्यात घट्ट होणारा चुना कशामुळे घट्ट होतो हे त्याने १७५६ साली शोधलं. मुलं ती ओळ पाठ करत आणि परीक्षेत लिहीत. मीही त्यापलीकडे कधी गेले नाही, याचं आता वाईट वाटतं.

प्लिमथमध्ये समुद्राकडे तोंड करून एक उंच माळ आहे, त्याला 'हो' म्हणतात. वर सगळी हिरवळ आहे आणि त्या हिरवळीच्या मधोमध हा ७२ फुटांचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा मनोरा उभा आहे. लोक त्याच्या सावलीत बसून आइसक्रीम खात होते, एक लहान मुलगी बुंध्याभोवती गोल गोल पळत होती. पाणी तिथून बरंच खाली. मला ते दृश्य बघवेना. १२० वर्षांहून अधिक काळ भर समुद्रात लाटा झेललेली वस्तू, तिच्या पायाशी आता कापलेलं गवत. कुणीतरी जपलं हे खरं, पण जपताना तिला तिच्या जागेवरून उचललं.

हे एवढं लागण्याचं कारण मालवणात आहे. आमच्या घरामागे विहिरीजवळ आबांची चुन्याची घाणी होती. जमिनीत दगडांनी बांधलेला गोल चर, मधे खुंटा, आणि चरातून फिरणारं दगडी चाक. बैल फिरायचा, चाक फिरायचं, चुना-वाळू मळली जायची. मी शाळेत जाऊ लागले तोवर सगळीकडे सिमेंट आलं होतं, घाणी वर्षातून दोन-चारदा चालायची. आबा गेले आणि ती थांबली. काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टवाल्यांनी ते चाक बागेत मांडायला मागितलं. भावाने मला फोन करून विचारलं. मी म्हटलं, दे, निदान जपलं तरी जाईल. पुढच्या मे महिन्यात जाऊन पाहिलं तर चाक जास्वंदीच्या वाफ्यात उभं केलेलं, पांढरा ऑइलपेंट दिलेला, खाली रंगीत दिवा. कुणी त्याचा अपमान केला नव्हता. स्वच्छ ठेवलं होतं, लोक त्याच्याजवळ फोटो काढत होते. तरी मी तिथे दोन मिनिटंसुद्धा उभी राहू शकले नाही.

तर ते मनात घेऊन मी 'हो'वरच्या त्या मनोऱ्यात शिरले. पायऱ्या ९३. खोल्या गोल, एकावर एक रचलेल्या: कोठीच्या खोल्या, स्वयंपाकघर, झोपायची खोली, आणि सगळ्यात वर दिव्याचं काचघर. झोपायच्या खोलीत भिंतीच्या वळणाला धरून बिछाने केलेले आहेत. कोठीच्या खोलीत भिंतीवर बायबलातलं वचन कोरलंय, परमेश्वर घर बांधत नसेल तर बांधणाऱ्यांचे कष्ट फुकट, अशा अर्थाचं. आबांनी ते वाचलं असतं तर मान डोलावली असती. पायाच्या पहिल्या चिऱ्याला नारळ फोडल्याशिवाय त्यांनी कधी थापी हातात घेतली नाही.

हा मनोरा मुळात उभा होता ते एडिस्टोन, म्हणजे प्लिमथपासून वीस-बावीस किलोमीटरवर समुद्रात असलेलं खडप. खडप हाच शब्द त्याला बरोबर बसतो. बेट म्हणावं इतकी जागाच नाही, आणि भरतीला त्यातलं बहुतेक पाण्याखाली जातं. इंग्लिश खाडीतून प्लिमथला येणाऱ्या जहाजांच्या ऐन वाटेवर ते आहे. त्याला टाळायचं म्हणून कित्येक तांडेल उलटे फ्रान्सच्या किनाऱ्याला जास्त चिकटायचे आणि तिकडच्या खडकांवर फुटायचे. अशा जागी दिवा लावायची कल्पना पहिल्यांदा ज्याने खरी केली तो हेन्री विन्स्टनली. तो काही बांधकामाचा माणूस नव्हता. चित्रं कोरायचा, पाण्याच्या करामती दाखवून लोकांना थक्क करायचा. १६९६च्या उन्हाळ्यात त्याने काम सुरू केलं. लोखंडी सळया रोवण्यासाठी त्या कठीण दगडात १२ भोकं पाडायची, एवढ्यात पहिला सगळा हंगाम गेला. बारा भोकं! खडपावर उतरायला मिळायचं ते समुद्र शांत असेल तेव्हा, सुकतीच्या वेळी, आणि पाणी चढायच्या आत परत होडीत. दुसऱ्या वर्षी एका फ्रेंच जहाजाने त्याला खडपावरूनच पकडून नेलं, कारण तेव्हा इंग्लंड-फ्रान्सचं युद्ध चालू होतं. पण फ्रान्सच्या राजाने, चौदाव्या लुईने, त्याला सोडून द्यायला लावलं. दीपगृह कुठल्याही देशाच्या खलाशाचं, हे त्या काळातही कुणाला तरी कळत होतं.

१४ नोव्हेंबर १६९८ला दिवा लागला. विन्स्टनलीचा आपल्या मनोऱ्यावर एवढा विश्वास की सगळ्यात मोठं वादळ येईल तेव्हा आपण आत असावं, असं तो म्हणायचा. १७०३च्या नोव्हेंबरात दुरुस्तीसाठी तो तिथे गेला आणि २६ तारखेच्या रात्री इंग्लंडच्या इतिहासातलं एक अत्यंत भयंकर वादळ आलं. सकाळी खडपावर काही वाकलेल्या सळयांखेरीज काही नव्हतं. मनोरा नाही, बत्तीवाले नाहीत, विन्स्टनली नाही.

दुसरं दीपगृह रुडयर्ड नावाच्या रेशमाच्या व्यापाऱ्याने जहाजाच्या सुतारांना हाताशी धरून लाकडाचं केलं, गुळगुळीत, निमुळतं. ते चाळीसेक वर्षांहून जास्त टिकलं. लाटांनी त्याचं काही बिघडवलं नाही, ते आगीत गेलं. २ डिसेंबर १७५५च्या रात्री काचघराने पेट घेतला. पाळीवर होता हेन्री हॉल, वय ९४. हा म्हातारा बादलीने वर पाणी फेकत राहिला, आणि छपराचं वितळलेलं शिसं त्याच्या अंगावर, उघड्या तोंडात पडलं. सोबत्यांसह तो खडपाच्या कपारीत लपला, होडीने त्यांना किनाऱ्यावर आणलं. शिसं पोटात गेलंय असं तो सांगत राहिला आणि डॉक्टरांना ते पटेना. बाराव्या दिवशी तो गेला. पोट उघडलं तेव्हा सुमारे दोनशे ग्रॅमचा शिशाचा गोळा निघाला. तो एडिनबराच्या संग्रहालयात आजही आहे. दीपगृहांबद्दल बोलताना आपण सगळे मनोऱ्याची उंची सांगतो. मला मात्र चौऱ्याण्णव वर्षांच्या त्या हातातली बादली विसरता येत नाही.

मग आला स्मीटन. वय एकतीस-बत्तीस, धंदा शास्त्रीय उपकरणं बनवण्याचा. रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांनी त्याचं नाव सुचवलं. त्याने ठरवलं की दगडच हवा, आणि जडच हवा. आकार घेतला ओकच्या झाडाचा: बुंधा रुंद, वर वळत निमुळता. बाहेरून ग्रॅनाइट, आतून पोर्टलंडचा दगड, खालचा भाग पूर्ण भरीव. एकूण १,४९३ दगड, आणि प्रत्येक शेजारच्यात अडकवलेला. सुतार पेटीच्या कोपऱ्याला डोव्हटेल सांधा करतो, म्हणजे मुळाशी अरुंद आणि टोकाला पसरट खुंटी तशाच खाचेत बसवतो, की ओढली तरी निघत नाही. स्मीटनने असे सांधे ग्रॅनाइटमध्ये कापले. सगळ्यात खालचे दगड तर खडपातच तशा खाचा कोरून बसवले. एका थराचा दुसऱ्याशी जोड संगमरवराच्या ठोकळ्यांनी आणि ओकच्या खुंट्यांनी. थर आधी किनाऱ्यावर जुळवून बघायचा, मग सुटा करून बोटीने न्यायचा. कामावर कॉर्नवॉलच्या कथलाच्या खाणीतले लोकही होते. आरमारासाठी दिसेल त्याला धरून नेण्याचे ते दिवस. दीपगृहाच्या माणसांना कुणी धरू नये म्हणून प्रत्येकाला एक पदक दिलं होतं. ते दाखवलं की सुटका.

आता चुना. याच्यासाठी मी हा लेख लिहायला बसले.

शुद्ध चुना घट्ट होतो तो हवेमुळे. हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत घेत तो हळूहळू परत दगड होतो. पाण्याखाली त्याला हवा मिळत नाही, तिथे तो लोण्यासारखा मऊच राहतो आणि वाहून जातो. स्मीटनच्या काळात लोक समजत की जितका कठीण दगड जाळाल तितका कणखर चुना मिळेल. त्याने ते मानलं नाही. प्लिमथमध्ये तो ज्यांच्या घरी राहत होता त्या विल्यम कुकवर्दी यांना रसायनांची उत्तम जाण होती. त्यांनीच त्याला चुनखडी आम्लात विरघळवून तपासायला शिकवलं. स्मीटनने ठिकठिकाणचे दगड जाळले, चुन्याचे गोळे करून पाण्यात टाकले, रोज बघत राहिला. जे गोळे पाण्यात घट्ट झाले त्यांच्या मूळ दगडात, आम्लात न विरघळणारी चिकणमाती उरत होती. दोष समजून जी माती लोक टाळत, तीच पाण्यात साथ देणारी निघाली. त्याने वेल्सच्या अॅबरथॉ इथला चुना घेतला आणि त्यात तेवढीच इटलीची ज्वालामुखीची राख, पोझोलाना, मिसळली. ती प्लिमथच्याच एका व्यापाऱ्याकडे पडून होती. त्याने ती लंडनच्या पुलाच्या कामासाठी मागवली होती आणि तिथे कुणी घेतली नव्हती.

हे सगळं मी त्या गावी मुलाच्या स्वयंपाकघरात बसून वाचत होते, आणि एका ओळीशी उठून उभी राहिले. कारण मालवणचा चुना शिंपल्यांचा. शिंपल्यांचा चुना म्हणजे अगदी शुद्ध, मातीचा अंश नाही. घराच्या भिंतीला तो चालतो. पण विहीर बांधायची असली की आबा फुटकी कौलं आणि विटा गोळा करायला आम्हा मुलांना पाठवायचे. त्या कुटून, वस्त्रगाळ चाळून सुरखी करायची आणि ती चुन्यात घालून घाणीवर मळायची. भाजलेल्या मातीची पूड. तीच पोझोलानाची जागा घेते. राखेचं काम इटलीतल्या ज्वालामुखीने केलं काय, कुडाळच्या कुंभाराच्या भट्टीने केलं काय, चुन्याला दोन्ही सारखंच. मी हे वर्गात शिकवलं होतं. सुरखी हे कृत्रिम पोझोलाना आहे, असं वाक्य माझ्या तोंडून शंभरदा गेलं असेल. पण ते आणि आमच्या विहिरीजवळचा तो लाल धुरळा, नाकातोंडात गेलेला, ते एकच आहे हे मला साठी उलटल्यावर, परक्या देशात कळलं.

आबांना विचारलं असतं की सुरखी का घालता, तर त्यांनी सांगितलं असतं, पाण्यातल्या कामाला घालतात म्हणून. त्यांच्या आधीच्यांनी घातली म्हणून. मी एकदा मळलेला चुना लवकर काढायला गेले तेव्हा ते म्हणाले होते, "चुन्याक घाय चलना नाय, बाय." एवढंच त्यांचं शास्त्र. स्मीटनने कारण शोधलं, त्यांनी रीत सांभाळली. दोघांपैकी मोठा कोण हे मला ठरवायचं नाही, आणि ठरवताही येणार नाही.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. स्मीटनने हे कोडं सोडवल्यावर पुढच्यांनी तोच धागा धरला. आपला चुना पोर्टलंडच्या दगडाच्या तोडीचा होईल अशी स्मीटनची आशा होती. पुढे १८२४ साली स्मीटनच्याच लीड्स भागातल्या जोसेफ अॅस्पडिनने ज्या सिमेंटचं पेटंट घेतलं त्याचं नाव पोर्टलंड सिमेंट. त्या धाग्याचं शेवटचं टोक आमच्या परसात आलं आणि घाणी बंद पडली. मी ज्याचं नाव आदराने फळ्यावर लिहीत होते, त्याच्याच शोधाने, शंभर वळणं घेत, माझ्या आजोबांचं काम संपवलं. मला त्याचा राग नाही. सिमेंट नसतं तर आजचं काहीच उभं राहिलं नसतं. राग येतो तो जुन्या चुन्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा थापणाऱ्यांचा. चुन्याची भिंत श्वास घेते, ओल बाहेर सोडते. वरून सिमेंट लावलं की ओल आत कोंडते आणि दगडच सोलपटतो. आपल्याकडे किती देवळांची, किती वाड्यांची दुरुस्ती या पद्धतीने झाली आहे! सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतलंय हे मालवणात लहान पोरही सांगतं. त्याच किल्ल्याच्या तटाचा चुना कसा केला होता, हे सांगणारं माणूस मला आजवर भेटलेलं नाही.

१६ ऑक्टोबर १७५९च्या रात्री स्मीटनच्या मनोऱ्यात चोवीस मेणबत्त्या लागल्या. एवढ्या खटाटोपाच्या शेवटी चोवीस मेणबत्त्या! पण काळोख्या समुद्रात तेवढ्याही पुरत. त्यांच्या वाती कापायची आठवण राहावी म्हणून घड्याळ दर अर्ध्या तासाला एक ठोका देई. रात्रभर तीन माणसांपैकी कुणीतरी एक त्या ठोक्यावर उठायचा. १८१०मध्ये मेणबत्त्या जाऊन तेलाचे दिवे आणि परावर्तक आले. मनोरा एवढा नावाजला की त्याची आकृती ब्रिटनच्या ब्राँझच्या पेनीवर आली. समुद्रातल्या खडकावर दगडी मनोरा कसा बांधावा याचा तो कित्ता ठरला. त्यानंतर जगभर जे झाले, आपल्या कुलाब्याच्या टोकाशी १८७५ साली झालेलं प्राँग्सचं दीपगृह धरून, त्या सगळ्यांच्या वंशावळीत एडिस्टोन आहे.

आणि मग मनोरा हलायला लागला. मनोऱ्याचा काहीच दोष नव्हता. १८७०च्या दशकात लक्षात आलं की तो ज्या खडपावर उभा आहे त्याला लाटा खालून पोखरत आहेत. मोठी लाट आली की सगळं थरथरायचं. दीपगृहांचा कारभार पाहणाऱ्या ट्रिनिटी हाउसचे मुख्य अभियंता जेम्स डग्लस यांनी शेजारच्या खडपावर नवा मनोरा बांधायला घेतला, जुन्याच्या दुपटीहून उंच. त्यांनी एक दुरुस्तीही केली. ओकच्या बुंध्याचं ते सुंदर वळण लाटेला वर चढायला वाट करून देत होतं, म्हणून नव्या मनोऱ्याला खाली सरळ, गोल चौथरा दिला. सव्वाशे वर्षं ज्या आकाराची वाखाणणी झाली त्यातली खोट समुद्राने दाखवली आणि पुढच्याने ती शांतपणे सुधारली. मला यात मागच्याची हार दिसत नाही. आमच्या व्यवसायात आदर असाच दाखवतात.

नवा दिवा १८ मे १८८२ला लागला. जुना मनोरा पाडायचाच होता. पण प्लिमथच्या लोकांनी त्याला जाऊ दिलं नाही. लोकवर्गणी काढली, दगडांवर खुणा करून मनोरा सुटा केला, बोटींनी आणला आणि 'हो'वर नव्या ग्रॅनाइटच्या चौथऱ्यावर पुन्हा रचला. २४ सप्टेंबर १८८४ला तो लोकांसाठी खुला झाला. वरचा भाग आला. खालचा भरीव बुंधा मात्र आला नाही. स्मीटनचे सांधे आणि स्मीटनचा चुना यांनी तो सुटा होऊ दिला नाही. अखेर तो खडपावर तसाच सोडून दिला.

हे वाचल्यावर मला तो बुंधा बघायचाच होता. मुलाने मासेमारीच्या सहलीच्या एका बोटीत जागा मिळवली. सकाळ निवांत होती, तरी बंधारा ओलांडल्यावर बोट चांगलीच उसळू लागली. तासाभराने पाण्याच्या कडेला एक रेघ दिसली, मग ती रेघ दोन झाल्या. एक उंच, वर हेलिकॉप्टर उतरायची जाळीदार माची असलेली. दुसरी आखूड, एखादं झाड तोडून खोड ठेवावं तशी. डग्लसच्या मनोऱ्यात आता माणूस राहत नाही. १९८२ साली, दिवा लागल्याला शंभर वर्षं झाली त्याच तारखेला, तो स्वयंचलित झाला. आता सूर्यावर चालतो. बोटीतल्या बाकीच्यांच्या गळांना मासे लागत होते आणि मी त्या खोडाकडे बघत बसले. खाली हिरवं-काळं शेवाळ, वर फिकट करडा दगड, माथ्यावर पाणकावळे पंख पसरून बसलेले. लाट यायची, बुंध्याच्या वळणावरून वर चढायची, पांढरी व्हायची, ओघळायची. दुर्बिणीतून थर मोजता येत होते. दरजा दिसत होत्या. अडीचशे वर्षांहून अधिक काळ रोज दोनदा भरती, आणि दरजा शाबूत. त्याला कुणी रंग देत नाही, तिकीट लावत नाही. पाया पोखरला म्हणून दीडशे वर्षांपूर्वी ज्याला सोडून दिलं ते खडपही त्याला अजून धरून आहे, आणि तो त्याला.

आबा असते तर होडी जवळ न्यायला लावली असती. नख ओढून बघितल्याशिवाय ते परतले नसते.

संध्याकाळी पुन्हा 'हो'वर गेलो. आदल्या दिवशीचा माझा रुसवा थोडा उतरला होता, आणि एक गोष्ट वाचनात आली होती जी मला त्या जागीच मुलाला सांगायची होती. मनोरा बांधला जात असताना आणि नंतरही वादळ होऊन गेलं की स्मीटन दुर्बीण घेऊन या 'हो'वर यायचा. समोर समुद्रात फक्त पाण्याचा एक उंच पांढरा खांब दिसायचा. तो खाली बसेपर्यंत थांबायचं. मग त्या जागी मनोरा असायचा. ज्या माळावरून तो श्वास रोखून बघत उभा राहायचा तिथेच त्याचा मनोरा आणून ठेवलाय, आणि मनोऱ्याच्या काचघरातून आता समोर दिसतं ते त्याचंच उरलेलं खोड. आणणाऱ्यांनी हे योजून केलं की समुद्राकाठची चांगली उंच जागा म्हणून केलं, मी सांगू शकत नाही. पण चाकाच्या बाबतीत मी एवढासुद्धा विचार केला नव्हता. मागितलं, दिलं.

अंधार पडला तेव्हा दूर दिवा लागला. दोन झपके, मग काळोख. दहा सेकंदांनी पुन्हा दोन. मुलगा घड्याळ लावून मोजत होता. मालवणात तेव्हा मध्यरात्र उलटली असणार, म्हणून मी सकाळपर्यंत थांबले आणि मग भावाला फोन केला.

"घाणीचो चर आसा मां रे अजून?"

"कित्याक गो ताये?"

"आसा काय सांग."

"आसा थंयच. गेल्या वर्षी विहिरीची मोरी वाढवूक गेलंव तेव्हा फोडूचो म्हटलो, तर फुटाक नाय. मगे तसोच ठेवलो. पालो पडलो हा आत, नारळाची झावळां."

"पालो काढून ठेव," मी म्हटलं. "मी दिवाळीक येतंय."